मॅमोग्राफीला जाताना: अडीच टक्क्यांचा फरक कसा जपायचा?

मॅमोग्राफीच्या खोलीत शिरलेल्या बाईला एकामागून एक सूचना ऐकाव्या लागतात. पावडर लावली असेल तर पुसून या. मंगळसूत्र काढून ठेवा. खांदा सैल सोडा. थोडं दुखेल, सहन करा. आता अजिबात हलू नका. जुने रिपोर्ट आणलेत का? बाहेर रांग असते, तंत्रज्ञ घाईत असते आणि या सूचनांमागचं कारण सांगायला कुणाला सवड नसते. मग दाबपट्टीचा दाब नुसता छळ वाटतो, पावडर पुसणं म्हणजे फाजील शिस्त वाटते आणि जुन्या फिल्म घरी माळ्यावरच राहतात.

पण यातली एकही सूचना उगाच दिलेली नसते. प्रत्येकीमागे क्ष-किरणांचं भौतिकशास्त्र आहे आणि ते समजायला शाळेतलं विज्ञान पुरतं. कारण कळलं की सहकार्य करणं सोपं जातं, भीती कमी होते आणि केंद्रात नेमकं काय विचारायचं तेही कळतं. म्हणून इथे प्रत्येक सूचना तिच्या कारणासकट मांडली आहे. स्वतःसाठी वाचा, आणि आई, बहीण, सासू, मैत्रीण यांच्यापैकी कुणाला सोबत म्हणून जाणार असाल तर त्यांच्यासाठीही वाचा.

मुळात अडचण काय आहे?

क्ष-किरण शरीरातून जाताना काही आतच अडतात, काही पार होतात. पलीकडे जी सावली पडते तोच आपला एक्स-रे. हाताच्या एक्स-रेत हाड ठसठशीत दिसतं, कारण हाड आणि मांस यांची किरण अडवण्याची ताकद फार वेगळी असते. स्तनात हाड नाही. तिथे चरबी आहे, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि नलिका आहेत आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू आहेत. कर्करोगाची गाठ झाली तर तीही मऊ ऊतींचीच बनलेली असते. म्हणजे मऊ ऊतींमधून मऊ ऊतीच वेगळ्या ओळखायच्या असतात.

हा फरक किती बारीक असतो ते आकड्यांत पाहू. २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांना अडवण्याची क्षमता दर सेंटीमीटरला चरबीची साधारण ०.४५, ग्रंथींच्या ऊतींची ०.८० आणि कर्करोगाच्या गाठीची ०.८५ भरते. आता अर्ध्या सेंटीमीटरची एक गाठ घ्या. ती चरबीत असेल तर तिच्यामागे पोचणारे किरण आजूबाजूच्या मानाने सुमारे १८ टक्के कमी होतात आणि गाठ सहज नजरेत येते. तीच गाठ ग्रंथींच्या ऊतींमध्ये असेल तर फरक उरतो जेमतेम अडीच टक्के.

या अडीच टक्क्यांसाठीच मॅमोग्राफीचं वेगळं यंत्र बनलं. त्यातली प्रत्येक रचना आणि तुम्हाला दिलेली प्रत्येक सूचना हा फरक टिकवण्यासाठी आहे.

कॅल्शियमच्या बारीक कणांच्या बाबतीत मात्र निसर्ग थोडा मेहरबान आहे. काही कर्करोगांत, गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी, नलिकांमध्ये असे कण जमतात. ०.२ मिलिमीटरचा इवलासा कणसुद्धा वीस टक्क्यांच्या आसपास किरण अडवू शकतो. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे एक्स-रे अभ्यासले, तेव्हा त्यांना हे कण दिसले होते. कण दिसले म्हणजे कर्करोगच, असं मात्र नाही. बहुतेक कण निरुपद्रवी असतात. त्यांचा आकार कसा आहे आणि ते विखुरलेले आहेत की एका जागी दाटीने आहेत, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. तो बांधता यावा म्हणून प्रतिमा अगदी रेखीव लागते.

वेगळं यंत्र कशासाठी?

छातीचा एक्स-रे साधारण १०० किलोव्होल्ट किंवा त्याहून जास्त विद्युतदाबावर काढतात. मॅमोग्राफी होते २५ ते ३२ किलोव्होल्टच्या आसपास. हा विद्युतदाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणजे किरणांची ऊर्जाही कमी राहते. कमी ऊर्जेच्या किरणांना अडवण्यात प्रकाशविद्युत परिणामाचा वाटा मोठा असतो, आणि हा परिणाम अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढतो, तर ऊर्जेच्या घनाने घटतो. ऊतींतल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, कॅल्शियमचा २०, म्हणजे अडीचपट. अडीचचा घन केला तर साडेपंधरा. कॅल्शियमचा बारीकसा कण उठून दिसतो तो यामुळे. उलट किरणांची ऊर्जा दुप्पट केली तर हा परिणाम आठव्या हिश्श्यावर येतो, आणि ग्रंथी, चरबी, गाठ सगळं जवळपास एकसारखं दिसू लागतं.

मग ऊर्जा आणखी कमी का करत नाहीत? तसं केलं तर किरण स्तनातच अडकून पडतील. शरीराला किरणांची मात्रा मिळेल, पलीकडे किरण टिपणाऱ्या डिटेक्टरपर्यंत मात्र काही पोचणार नाही. २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टलासुद्धा पाच सेंटीमीटर जाडीच्या स्तनातून शंभरातले पाचच्या आसपास किरण पार होतात. ऊर्जा फार कमी नको आणि फार जास्तही नको. हा मधला पट्टा साधण्यात मॅमोग्राफीच्या इतिहासाचा मोठा भाग गेला आहे. अमेरिकेत रॉबर्ट ईगन यांनी १९६० साली कमी किलोव्होल्टची नीट बसवलेली पद्धत मांडली. त्याच दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांच्या पुढाकाराने फक्त स्तनांसाठी बनवलेलं यंत्र आलं. त्यात नेहमीच्या टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम हा धातू होता. मॉलिब्डेनममधून १७.५ आणि १९.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण विपुल निघतात, म्हणजे नेमके हवे तिथले. वाटेत मॉलिब्डेनमचाच ०.०३ मिलिमीटरचा पातळ पत्रा ठेवला की २० च्या वरचे नको असलेले बरेचसे किरण तो गाळून टाकतो. आजच्या अनेक डिजिटल यंत्रांत पुन्हा टंगस्टन आलं आहे, पण सोबत ऱ्होडियम किंवा चांदीचा गाळणपत्रा असतो. जाड किंवा दाट स्तनातून जायला थोडे अधिक ऊर्जेचे किरण लागतात, त्यांना ही जोडी सोयीची पडते.

तुमच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. मॅमोग्राफी तिच्यासाठी बनवलेल्या यंत्रावरच व्हायला हवी, साध्या एक्स-रे यंत्रावर नाही. आणि यंत्र डिजिटल असेल तर उत्तम. अमेरिका आणि कॅनडातल्या ४९ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतल्या, पाळी सुरू असलेल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांमध्ये फिल्मपेक्षा डिजिटल मॅमोग्राफी सरस ठरली. 'डिजिटल' म्हटल्यावरही आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: कॅसेट काढून मशीनमध्ये वाचावी लागते, की प्रतिमा थेट डिटेक्टरवर येते? थेट डिटेक्टरला सहसा किरणांची मात्रा कमी पुरते.

दाब कशासाठी?

मॅमोग्राफीविषयी सर्वांत जास्त तक्रार दाबाची असते. दुखतं हे खरं आहे आणि ते कुणी नाकारू नये. पण त्या काही सेकंदांच्या दाबाने इतक्या गोष्टी साधतात की त्याला पर्याय सापडलेला नाही. उरुग्वेचे डॉक्टर राऊल लेबोर्न यांनी १९५० च्या सुमारास दाबाचं महत्त्व ठासून सांगितलं, आणि आज जगभर दाब देऊनच मॅमोग्राफी होते.

पहिला फायदा मात्रेचा. स्तनाची जाडी सहावरून पाच सेंटीमीटरवर आली तर तेवढीच चांगली प्रतिमा मिळवायला लागणारे किरण ढोबळ हिशेबाने जवळजवळ निम्म्यावर येतात.

दुसरा फायदा स्पष्टतेचा. ऊतींमध्ये काही किरण अडत नाहीत, नुसते दिशा बदलतात. असे भरकटलेले किरण डिटेक्टरवर भलत्याच जागी पडतात आणि सगळ्या प्रतिमेवर राखाडी थर चढवतात. आपला अडीच टक्क्यांचा फरक बुडवायला तो थर पुरेसा असतो. जाडी कमी झाली की भरकटणारे किरणही कमी होतात. उरलेल्यांना अडवायला डिटेक्टरच्या आधी बारीक पट्ट्यांची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात.

तिसरा फायदा ऊती पसरण्याचा. एकावर एक चढलेल्या ऊतींची सावली गाठीसारखी भासू शकते, किंवा खरी गाठ त्यांच्याआड लपू शकते. दाबल्यावर त्या पसरतात, नसलेली गाठ विरून जाते आणि असलेली उघडी पडते. याशिवाय स्तन सगळीकडे सारख्या जाडीचा होतो, जागचा हलत नाही आणि डिटेक्टरच्या जवळ येतो, त्यामुळे सावलीच्या कडा स्वच्छ उमटतात.

दाबाने गाठ फुटते किंवा कर्करोग पसरतो, असं पुष्कळजणी ऐकून असतात. याला कोणताही आधार नाही. या भीतीपोटी तपासणी टाळू नका.

दुखणं कमी व्हावं म्हणून हे करा:

- पाळी सुरू असेल तर पाळीनंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या. पाळीच्या आधी स्तन ठणकतात, तेव्हा शक्यतो नको. मात्र डॉक्टरांनी लगेच करायला सांगितलं असेल तर पाळीसाठी थांबू नका.
- खांदा, मान आणि हात सैल सोडा. अंग आखडलं की छातीचा स्नायू ताठ होतो, स्तन पुढे येत नाही आणि छातीलगतचा भाग प्रतिमेबाहेर राहतो. काखेकडचा भाग दिसणं फार महत्त्वाचं आहे, म्हणूनच तिरक्या प्रतिमेत छातीचा स्नायूही बराच खालपर्यंत दिसावा लागतो. तंत्रज्ञ तुम्हाला ओढून, वळवून उभं करते ते यासाठी.
- असह्य झालं तर "थांबा" म्हणा. पट्टी सैल करून पुन्हा सावकाश दाबता येते. तो तुमचा हक्क आहे.
- बाळाला पाजत असाल तर तपासणीच्या थोडं आधी पाजा किंवा दूध काढून टाका. स्तन हलका होतो आणि प्रतिमाही चांगली येते. क्ष-किरणांचा दुधावर काही परिणाम होत नाही, घरी परतल्यावर निर्धास्त पाजा.
- स्तनांत इम्प्लांट असेल तर वेळ घेतानाच सांगा. अशा वेळी काही जास्तीच्या प्रतिमा वेगळ्या पद्धतीने घ्याव्या लागतात.

"हलू नका" म्हणजे किती हलू नका?

कॅल्शियमचे कण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे असतात. डिटेक्टरचा एक पिक्सेल ०.०५ ते ०.१ मिलिमीटरचा. किरण निघतात तो बिंदूही मुद्दाम बारीक ठेवलेला असतो, नेहमीच्या प्रतिमेसाठी ०.३ आणि मोठी करून पाहायच्या प्रतिमेसाठी ०.१ मिलिमीटर. एवढ्या बारीक मापांत अर्धा मिलिमीटर हालचाल म्हणजे दोन-तीन कणांची जागा एकमेकांत मिसळून गेली. खोल श्वास घेतला, दचकून मान वळवली, तरी तेवढं हलणं होतं. म्हणून "श्वास रोखा" म्हटल्यावर श्वास मोठा भरून घेऊ नका, आहे तिथेच थांबवा. किरण सुरू असतात तो वेळ एखाद-दोन सेकंदांचा असतो आणि पट्टी लगेच सुटते. हललं असं वाटलं तर न लाजता सांगा. तीच प्रतिमा त्याच वेळी पुन्हा घेणं हे आठवड्याने परत येण्यापेक्षा बरं.

पावडर, मंगळसूत्र आणि वेणी

काखेत लावायच्या डिओडरंटमध्ये बहुधा ॲल्युमिनियमची संयुगं असतात. काही मलमांत आणि पावडरींत झिंक असतं. या धातूंचे अणुक्रमांक ऊतींपेक्षा जास्त असल्याने त्यांचे कण प्रतिमेत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि कॅल्शियमच्या कणांची हुबेहूब नक्कल करतात. त्यामुळे नसता संशय येतो आणि बाईला पुन्हा बोलावलं जातं. म्हणून त्या दिवशी अंघोळ करून या आणि काखेत किंवा छातीवर पावडर, डिओडरंट, अत्तर, क्रीम, बाम, लेप यातलं काहीही लावू नका.

मंगळसूत्र, साखळी, ताईत, लांब कानातलं घरीच ठेवलं तर सर्वांत सोयीचं. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर पाठीमागे सरकवून चालेल का ते तंत्रज्ञाला विचारा, पण ते प्रतिमेत आलं तर प्रतिमा वाया जाते हे लक्षात ठेवा. लांब केस वर बांधा. खांद्यावरून पुढे आलेल्या बटासुद्धा सावली टाकतात. कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात, तेव्हा एकसंध झग्याऐवजी साडी-ब्लाउज किंवा वेगळा टॉप घाला.

छातीवर मस, जुना व्रण किंवा आधीच्या बायोप्सीची खूण असेल तर सांगा. तंत्रज्ञ तिथे खुणेची टिकली चिकटवते किंवा कागदावर नोंद करते, म्हणजे वाचणारे डॉक्टर त्या सावलीने फसत नाहीत.

किरणांची भीती किती बाळगायची?

"सारखे एक्स-रे काढून त्यामुळेच कर्करोग होईल का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. प्रत्येक स्तनाच्या दोन, अशा एकूण चार प्रतिमा घेतल्या तर ग्रंथींना मिळणारी मात्रा प्रत्येक स्तनाला साधारण ३ मिलीग्रेच्या आसपास असते. संपूर्ण शरीराच्या हिशेबाने ही मात्रा सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट होते. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतच असते. म्हणजे एका मॅमोग्राफीची मात्रा दोन महिन्यांच्या नैसर्गिक किरणांएवढी. धोका शून्य नाही, पण फार लहान आहे. ज्या वयात आणि ज्या कारणासाठी ही तपासणी सांगितली जाते, तिथे लाभाचं पारडं जड असतं.

मात्रा आणखी कमी का करता येत नाही? क्ष-किरण पाऊस पडावा तसे सुटे सुटे येतात आणि त्यांच्या संख्येत आपोआप चढउतार असतो. एका ठिकाणी १०० किरणकण पोचले तर १० चा चढउतार, म्हणजे १० टक्के. त्यात आपले अडीच टक्के बुडून जातात. १०,००० पोचले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. आता तो फरक ओळखता येतो. मात्रा अवाजवी कमी केली की प्रतिमा दाणेदार होते, गाठ निसटते, आणि मग मिळालेली मात्राही फुकट जाते. योग्य मात्रा ठरवण्याचं काम यंत्रातली स्वयंचलित व्यवस्था करते. ती स्तनाची जाडी आणि दाटपणा बघून किरणांचं प्रमाण बेतते.

गळ्याला शिशाचं आवरण मागू नका. थायरॉइडला पोचणारी मात्रा अगदी नगण्य असते, आणि आवरण प्रतिमेत आलं तर ती पुन्हा काढावी लागून मात्रा वाढते. गर्भवती असाल किंवा तशी शंका असेल तर मात्र आधीच सांगा. किरण शरीरात साठून राहत नाहीत. यंत्र बंद झालं की तिथे काही उरत नाही.

शरीराच्या उष्णतेची छायाचित्रं काढून "दाब नाही, किरण नाहीत" अशी जाहिरात केली जाणारी तपासणीही आता बऱ्याच ठिकाणी दिसते. तिचा कॅमेरा त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता मोजतो. तो आत शिरत नाही, आणि कॅल्शियमचे कण दाखवणं त्याला शक्यच नाही. ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही.

दाट स्तन म्हणजे काय, आणि पुढे काय करायचं?

मॅमोग्राफीत चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. गाठही पांढरीच. ज्या स्तनात ग्रंथी जास्त आणि चरबी कमी, त्याला दाट स्तन म्हणतात. दाटपणा हा आजार नाही आणि तो हाताला कळत नाही, प्रतिमेतच दिसतो. रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्यांत तो लिहिलेला असतो. सी आणि डी म्हणजे दाट. अशा स्तनात फरक १८ टक्क्यांचा राहत नाही, अडीच टक्क्यांकडे झुकतो, म्हणून गाठ चुकण्याची शक्यता वाढते. तरुणपणी स्तन दाट असण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि भारतात तुलनेने कमी वयात हा कर्करोग झालेल्या स्त्रिया बऱ्याच दिसतात. म्हणून हा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे.

यावर एक उपाय म्हणजे टोमोसिंथेसिस, ज्याला केंद्रांत '३-डी मॅमोग्राफी' म्हणतात. आंब्याच्या झाडात पानाआडचा आंबा दिसत नसला की आपण दोन पावलं बाजूला सरकून बघतो, पानं सरकल्यासारखी वाटतात आणि आंबा दिसतो. इथे सरकते ती किरणांची नळी. यंत्रानुसार १५ ते ५० अंशांच्या कमानीत फिरून ती वेगवेगळ्या कोनांतून कमी मात्रेच्या अनेक प्रतिमा घेते, आणि संगणक त्यांतून साधारण एक-एक मिलिमीटर अंतरावरचे थर रचून दाखवतो. एकमेकांवर चढलेल्या सावल्या सुट्या होतात आणि विनाकारण पुन्हा बोलावण्याचं प्रमाणही घटू शकतं.

दुसरा उपाय सोनोग्राफी. ती ध्वनिलहरींवर चालते, क्ष-किरणांना न दिसणारा फरक तिथे दिसू शकतो, आणि गाठ पाण्याची आहे की घट्ट हेही ती सांगते. तरुण मुलींमध्ये सहसा आधी सोनोग्राफीच करतात. घरात जवळच्या नात्यात हा कर्करोग झालेला असेल किंवा आनुवंशिक दोष आढळला असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला.

एक गोष्ट कधीही विसरू नका: हाताला गाठ लागते आहे, पण मॅमोग्राफी नॉर्मल आली, तर तिथे थांबू नका. प्रतिमेत न दिसणारी गाठ असू शकते, याचं कारण वरच्या आकड्यांतच आहे. डॉक्टरांकडून सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास बायोप्सी करून घ्या. स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव, त्वचेला पडलेली खळी, स्तनाग्र आत ओढलं जाणं, काखेतली गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर तपासणीच्या ठरलेल्या वर्षाची वाट पाहू नका.

रिपोर्ट वाचताना, आणि पुन्हा बोलावलं तर

रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स' नावाचा ० ते ६ मधला आकडा असतो. ० म्हणजे निष्कर्ष काढायला आणखी प्रतिमा किंवा जुने रिपोर्ट हवेत. १ नॉर्मल. २ निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. ४ संशयास्पद, बायोप्सी हवी. ५ म्हणजे दाट संशय. ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला. शून्य आकडा बघून घाबरू नका, आणि तो नॉर्मल समजून गप्पही बसू नका.

पुन्हा बोलावलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. ऊतींच्या सावल्या एकमेकांवर पडलेल्या असतात, किंवा कण नीट पाहायचे असतात. अशा वेळी छोट्या पट्टीने एकाच जागी दाबून किंवा ०.१ मिलिमीटरच्या बिंदूने दीड-दोनपट मोठी प्रतिमा काढून शंका फेडता येते. जाण्याचं टाळू नका, तारीख पुढे ढकलू नका.

जुन्या प्रतिमा आणि सीडी

अडीच टक्क्यांचा फरक एका प्रतिमेत शंकास्पद वाटू शकतो. तोच भाग दोन वर्षांपूर्वी कसा होता हे दिसलं तर बहुतेक शंका तिथल्या तिथे मिटते. म्हणून जुन्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट दर वेळी सोबत न्या. तपासणी झाल्यावर 'डायकॉम' स्वरूपातल्या प्रतिमा सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. मूळ प्रतिमेत राखाडी रंगाच्या हजारो छटा असतात, मोबाइलवर काढलेल्या फोटोत फार तर २५६ उरतात. व्हॉट्सॲपवर तर बारीक तपशीलही गळून जातो. फिल्मचा फोटो पाठवून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे जपलेला फरक हाताने पुसून टाकणं. मूळ प्रतिमाच पाठवा.

कुणी आणि कधी?

प्रत्येक देशाचा शिरस्ता वेगळा आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली. ब्रिटनमध्ये ५० ते ७१ या वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. भारतात सरसकट मॅमोग्राफीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हाताने तपासणी करायची आहे. या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. त्यात आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंमधली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता आली नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये ती जवळजवळ ३० टक्के होती. जिथे मॅमोग्राफीचं यंत्र नाही अशा तालुक्याच्या गावीही ही तपासणी होऊ शकते. चाळिशी ओलांडली असेल तर आपलं वय, घरातला इतिहास आणि स्तनांचा दाटपणा पाहून मॅमोग्राफी किती वर्षांनी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

केंद्र निवडताना हे प्रश्न जरूर विचारा:

- यंत्र वापरण्याचा अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का?
- यंत्र डिजिटल आहे का? थेट डिटेक्टर आहे का? ३-डीची सोय आहे का?
- यंत्राची गुणवत्ता चाचणी नियमित होते का? खोटे तंतू, कण आणि गाठी बसवलेला ठोकळा ठेवून ही चाचणी करतात आणि त्यातलं किती दिसतं ते मोजतात.
- गरज पडली तर त्याच दिवशी सोनोग्राफी होईल का?
- प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरांना मॅमोग्राफीचा नियमित अनुभव आहे का?
- रिपोर्टमध्ये बायरॅड्स आणि दाटपणा लिहाल का? डायकॉम प्रतिमा द्याल का?

हे प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. चांगल्या केंद्राला ते आवडतात. यंत्र, तंत्रज्ञ आणि डॉक्टर आपापलं काम करतील, पण खांदा सैल सोडणं, स्थिर उभं राहणं, काख स्वच्छ ठेवणं, जुनी सीडी सोबत नेणं आणि हाताला लागलेली गाठ सांगणं हे फक्त तुमच्याच हातात आहे. वेळ घ्याल त्या दिवशी ही यादी सोबत ठेवा, आणि आजवर न गेलेल्या एखाद्या मैत्रिणीचीही वेळ तुमच्याबरोबरच घेऊन टाका.